तळघरातला सामाईक प्रिंटर

ड्वेन स्टेनरूडच्या घरात माणसं तीन, संगणक तीन आणि प्रिंटर एक. हिशेब तसा वाईट नाही. बाथरूमही एकच होती आणि तिच्यावर तिघांनी इतकी वर्षं भागवलंच होतं. पण बाथरूमला निदान सगळ्यांना जाता येत होतं. प्रिंटर होता तळघरात, ड्वेनच्या संगणकाला जखडलेला. बायकोचा, म्हणजे लवॉनचा संगणक स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, आणि तिसरा वरच्या मजल्यावर सासूबाईंच्या खोलीत. सासूबाईंचं नाव अर्डिस. वय ऐंशीच्या घरात, गुडघे त्याहून थोडे म्हातारे.

काही छापायचं झालं की लवॉन फ्लॉपी घेऊन जिना उतरायची. अर्डिसबाई उतरायच्या नाहीत. मिनेसोटातल्या जुन्या घरांत मळके कपडे वरून थेट तळघरात पडावेत म्हणून भिंतीतून पत्र्याचं नळकांडं सोडलेलं असतं. अर्डिसबाई त्यात फ्लॉपी सोडायच्या. ती टॉवेलांच्या ढिगावर अलगद उतरायची आणि मागोमाग नळकांड्यातून त्यांचा आवाज उतरायचा, "ड्वेन! रताळी पाठवलीत! दोन प्रती काढ!"

ही व्यवस्था छान चालली होती. मग एका सोमवारी फ्लॉपी टॉवेलांबरोबर मशीनमध्ये गेली, गरम पाण्यात धुतली गेली, वाळवली गेली आणि सॅलडचं अख्खं प्रकरण नाहीसं झालं.

प्रकरण म्हणजे पुस्तकाचं. नॉर्डबी गावाचं लूथरन चर्च फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी शंभर वर्षांचं होणार होतं, आणि त्या दिवशी गावातल्या बायकांच्या पाककृतींचं पुस्तक निघायचं होतं. संपादक लवॉन, चुका काढायला अर्डिसबाई. चुका काढण्यात त्यांचा हात गावात कुणी धरला नसता. पानं छापायची कुठे, असा प्रश्न वार्षिक सभेत निघाला तेव्हा ड्वेन आपण होऊन उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या घरी छापून देतो. त्याच्या प्रती तेवढ्या जिल्ह्याच्या गावी काढून बांधून घ्या. पानं आदल्या शुक्रवारी सकाळी तिथे पोचवायची जबाबदारी माझी."

नॉर्डबीत सभेत आपण होऊन उभं राहणं हे जरा उघड्यावर कपडे बदलण्यासारखं समजतात. त्यामुळे ड्वेनचा शब्द सगळ्यांच्या नीट लक्षात राहिला. पुस्तक वेळेवर आलं नसतं तर त्याला कुणी एका शब्दानं बोललं नसतं, आणि ड्वेनला भीती होती ती त्याचीच. एका गृहस्थानं पूर्वी कुणाच्या तरी अंत्यविधीच्या जेवणात कॉफी कमी पडू दिली होती. त्याला कुणी कधीच काही बोललं नाही. तो बिचारा शेवटी ॲरिझोनाला राहायला गेला.

सॅलड धुतलं गेलं त्या संध्याकाळी हॉटडिशचं, म्हणजे मटण-बटाटे एकत्र भाजलेल्या जेवणाचं, भांडं टेबलावर ठेवता ठेवता लवॉन म्हणाली, "दुसरा एक छोटा प्रिंटर घेतला तर?"

ड्वेननं काटा खाली ठेवला. "एका घरात दोन प्रिंटर?"

"लोकांकडे असतात."

"लोकांकडे पोहायचे तलावही असतात. तिन्ही संगणक वायरनं एकमेकांना जोडायचे, की झालं. कुणीही कुठूनही छापा. प्रिंटर सामाईक."

"तुला जमेल?" अर्डिसबाईंनी विचारलं.

ड्वेन काउंटीच्या रस्तेखात्यात मोऱ्या तपासायचा. जन्म रस्त्याखालून पाणी इकडून तिकडे नेण्यात गेलेला. तो म्हणाला, "आई, एका तोंडातून घातलं की दुसऱ्या तोंडातून बाहेर यायला हवं, एवढंच असतं सगळं."

"हं," अर्डिसबाई म्हणाल्या, "वेगळाच विचार आहे हो." त्या मुलखात याहून कडक शिवी नाही. पण डोक्यात एकदा योजना शिरली की ड्वेनला कौतुक तेवढं ऐकू यायचं.

दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानात त्यानं वायरचं भेंडोळं घेतलं. शेगडीभोवती कॉफी पीत बसलेल्या मंडळींनी फुकट सल्ले दिले. एक म्हणाला, वायर भिंतीतून नको, उंदीर खातात. दुसरा म्हणाला, जमिनीतून नको, पाणी शिरतं. तिसऱ्याच्या मेहुण्यानं असंच काहीतरी केलं होतं आणि तेव्हापासून शेजाऱ्यानं टीव्ही लावला की त्याच्या गॅरेजचं दार उघडायचं. सगळ्यांचं ऐकून ड्वेननं सगळ्यांचे आभार मानले आणि आपल्या मनात होतं तेच करायचं ठरवलं.

भोक पाडायला ड्रिलचं लांब पातं हवं होतं. ते शेजारच्या हार्लन ब्योर्कलंडकडे असायचं. हार्लन शाळेत बँड शिकवायचा, आता निवृत्त. ऑक्टोबरात त्याची बायको इनेझ गेली. अंत्यविधीनंतर आठवडाभर घरोघरचे हॉटडिश त्याच्या दाराशी आले, मग भांडी परत गेली, आणि त्यानंतर त्याचे पडदे उघडले नाहीत. लोकांना जावंसं वाटत नव्हतं असं नाही. पण नॉर्डबीत कामाशिवाय कुणी कुणाच्या दारात उभं राहत नाही. "सहज आलो" म्हटलं तर आतला माणूस घाबरून विचारतो, "कोण गेलं?" सिॲटलच्या मुलानं बापाचं मन रमावं म्हणून नवा संगणक आणि प्रिंटर पाठवला होता. तो जेवणाच्या टेबलावर टेबलक्लॉथखाली झाकलेला होता, पूर्वी इनेझ पाव झाकायची तसा.

हार्लननं दार वितभर उघडलं, पातं दिलं आणि योजना ऐकून घेतली.

"तसं करणारेही असतात," तो म्हणाला.

"म्हणजे चालेल म्हणतोस?"

"याहून वाईटही काही करता आलं असतं," हार्लन म्हणाला आणि दार लावून घेतलं.

ड्वेननं स्वयंपाकघराच्या जमिनीला भोक पाडलं. ते सरळ गरम हवेच्या पत्र्याच्या पाइपात गेलं. ते बुजवून त्यानं बोटभर अलीकडे दुसरं पाडलं. तेही त्याच पाइपात गेलं, कारण पाइप त्याच बाजूला वळत होता. तिसरं भोक बरोबर पडलं. पण पहिली दोन बुजवूनही नीट बुजली नाहीत, आणि तेव्हापासून तळघरातला प्रत्येक शब्द गरम हवेबरोबर स्वयंपाकघरात येऊ लागला. पुस्तकाचं काम करणाऱ्या बायकांची लवॉनकडे बैठक बसली होती आणि जमिनीतून स्वच्छ आवाज आला, "उफ दा! उफ दा! अरे गाढवा, जा ना आत!"

'उफ दा' म्हणजे त्या मुलखातलं 'अरे देवा'. बायकांनी माना खाली घातल्या. "कोण आहे गं?" एकीनं विचारलं.

"प्रिंटर सामाईक होतोय," लवॉन म्हणाली.

त्या बैठकीतच एक सोपा मार्ग निघाला होता. चर्चमध्ये चांगलं मोठं छपाईचं यंत्र होतं. पण ते यंत्र मालमत्ता समितीच्या ताब्यात. त्या समितीची बैठक महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, आणि पहिल्या मंगळवारी बर्फ पडल्यामुळे ती पुढच्या महिन्यावर गेलेली. अध्यक्षबाईंना फोन करून विचारता आलं असतं, पण त्या दिवशी त्याच लवॉनच्या टेबलाशी बसून लिंबाचे बार नावाच्या गोड वड्या खात होत्या. समितीचं काम बैठकीबाहेर त्यांच्यापुढे काढणं बरं दिसलं नसतं. तेव्हा ते राहिलं.

वायरी तर पोचल्या, पण छपाई पोचेना. ड्वेननं मदतीचा फोन लावला. प्रिंटरवाले म्हणाले, दोष तिन्ही वायरी जोडणाऱ्या डबीत आहे. डबीवाले म्हणाले, दोष संगणकात आहे. संगणकवाल्यांनी बराच वेळ बासरी ऐकवली आणि मग केविन नावाचा एक अतिशय सभ्य माणूस फोनवर आला. त्यानं ड्वेनकडून संगणकावरच्या खिडक्या उघडवल्या, मिटवल्या, नावं बदलून घेतली. मध्ये यंत्र बंद करून पुन्हा चालू होईपर्यंत वेळ घालवायला त्यानं हवामान विचारलं.

"आज बरं आहे," ड्वेन म्हणाला. "उणे तीस. वारा नाही."

पलीकडे केविनच्या तोंडून 'बापरे' असा एक शब्द निसटला. तो कोणत्या भाषेतला ते ड्वेनला कळलं नाही, पण त्यातली आस्था कळली. "सर," केविन म्हणाला, "तुम्ही घरातच आहात ना? मग हे काम होईपर्यंत मी फोन ठेवणार नाही."

आणि त्यानं खरंच ठेवला नाही. दोघांनी मिळून ते तडीला नेलं. तळघरात प्रिंटर घरघरला, आणि लवॉननं स्वयंपाकघरातून पाठवलेलं पान, मुळ्याचं लोणचं, ड्वेनच्या हातात आलं. दोन भोकांतून वर आवाज गेला, "आलं! आलं! लवॉन, मुळे आले!" केविनलाही दूर कुठेतरी भरून आलं असावं.

माणसानं चिकाटी धरावी तर अशी. लोक यापेक्षा कमी श्रमात धरण बांधतात.

आता त्या घराची एक सवय सांगायला हवी. तळघरात दिवा कधी विसरून चालू राहू नये म्हणून ड्वेननं पूर्वीच जिन्याच्या तोंडाशी एक बटण बसवलं होतं, आणि काटकसर पुरी व्हावी म्हणून तळघरातल्या भिंतीवरचे प्लगही त्याच बटणावर घेतले होते. वर येताना त्याचा हात आपोआप त्या बटणावर जायचा. चाळीस वर्षं रिकाम्या खोल्यांतले दिवे विझवत आलेला हात तो, त्याला डोक्याची परवानगी लागत नव्हती. त्यामुळे ड्वेन तळघरात असला की संगणक चालू, प्रिंटर चालू, सगळं सामाईक. ड्वेन वर आला की सगळं ठार बंद.

लवॉननं पहिल्या दिवशी सांगून पाहिलं. "सूप छापलं जात नाहीये."

ड्वेन खाली गेला, दिवा लावला, संगणक जागा होईतो थांबला. सगळं चालू. "आता पाठव!" सूप आलं. तो वर आला, अर्थात दिवा विझवून, आणि म्हणाला, "चालतोय की." त्याच्या चेहऱ्यावर असं काही दुखावलेपण होतं की जणू सुपानं त्याला मारलं होतं. दुसऱ्या दिवशी हेच मटणाच्या बाबतीत झालं. तिसऱ्या दिवशी लवॉननं तक्रार केली नाही.

"त्याचं तोंड बघवत नाही गं," अर्डिसबाई म्हणाल्या. "इतकी भोकं पाडली बिचाऱ्यानं."

"पण शुक्रवार जवळ आलाय, आई."

अर्डिसबाईंनी खिडकीतून शेजारच्या बंद पडद्यांकडे पाहिलं. "हार्लनकडे एक आहे म्हणे. टेबलक्लॉथखाली. आपल्याला काम आहेच."

ड्वेनला मात्र रोज संध्याकाळी टेबलावर छापलेल्या पानांची चळत दिसायची आणि त्याची छाती भरून यायची. अक्षर पूर्वीपेक्षा ठळक आलेलं. त्यानं त्याचंही कारण शोधलं. लांबून वायरीतून गाळून आलं की अक्षर निवळतं. तळघरातल्या कागदाचा गठ्ठा कमी होत नव्हता, शाई संपत नव्हती. तेही त्यानं योजनेच्या जमेला धरलं. रविवारी चर्चच्या कॉफीला तो भेटेल त्याला सांगायचा, "एकच प्रिंटर, तिघं वापरतात, आणि शाई वर उरते!"

लोक ऐकून घ्यायचे. "वा," ते म्हणायचे. "हे काहीतरी वेगळंच आहे." आणि कपात बघायचे.

गुरुवारी मोठा बर्फ पडला. स्वतःचा रस्ता मोकळा करून ड्वेन फावडं घेऊन हार्लनकडे गेला. एकट्या माणसाचा बर्फ शेजाऱ्यानं काढायचा, हे तिथे बोलायची गरज नसते. घराच्या कडेनं तो मागच्या दारापाशी आला आणि थबकला. स्वयंपाकघराचा पडदा उघडा होता. आत दिवा होता. टेबलाशी त्याची बायको, त्याची सासू आणि हार्लन, मध्ये कॉफीची किटली, आणि प्रिंटर दणादणा पानं काढत होता. खिडकीची वरची फट उघडी होती.

"इनेझ ॲपल पायमध्ये जायफळ घालायची नाही," हार्लन म्हणत होता.

"घालायची," अर्डिसबाई.

"अर्डिस, माझं तिच्याशी लग्न झालं होतं."

"मी तिच्या शेजारी उभी राहून ते भाजलेत. तू नुसते खाल्लेस."

यावर हार्लन हसला. साधंसुधं नाही, बँडमधला मोठा भोंगा पहिल्यांदा फुंकावा तसा. ड्वेननं ऑक्टोबरापासून तो आवाज ऐकला नव्हता.

"ड्वेनला कळता कामा नये हं," लवॉन म्हणाली.

"मी कुणाला बोललोय? पोस्टातल्या बाईंना माहीत आहे, पण मी नाही सांगितलं."

"आणि पास्टरांना?"

"पास्टरांना सगळ्यांनी सांगितलंय."

ड्वेन बर्फात उभा होता. कपात बघणारे ते सगळे चेहरे त्याच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेले. दुसऱ्या एखाद्या मुलखातल्या माणसानं दार ठोठावून जाब विचारला असता. ड्वेननं रागाच्या भरात हार्लनचा रस्ता असा साफ केला की कडा फुटपट्टीनं आखल्यासारख्या दिसू लागल्या, पायऱ्याही झाडल्या, आणि पोस्टाच्या पेटीवरचा बर्फ हातमोज्यानं पुसून तो घरी आला.

घरी कुणी नव्हतं. तो लवॉनच्या संगणकापाशी बसला आणि एक पान पाठवलं. काही झालं नाही. खाली गेला, सगळं चालू. वर आला, पुन्हा पाठवलं, पुन्हा काही नाही. अशा दोन खेपा झाल्यावर जिन्याच्या तोंडाशी त्याची नजर स्वतःच्या हातावर गेली. हात बटणावर होता.

ड्वेन बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिला. इतका अपमान त्याचा कुठल्याच यंत्रानं केला नव्हता.

त्यानं बटणावर चिकटपट्टी लावली. मग स्वयंपाकघरातून छापून पाहिलं, सासूबाईंच्या खोलीतून छापून पाहिलं. पानामागून पान, एकही अडलं नाही. योजना पहिल्यापासून बिनचूक होती. चूक होती ती फक्त काटकसर. हे छतावर चढून ओरडून सांगावं असं त्याला वाटलं. पण सांगायचं तर बटणाचं सांगावं लागणार, आणि खिडकीचंही. त्यानं ठरवलं, रविवार होऊ दे. पुस्तक निघू दे. मग चर्चमध्ये कॉफीच्या वेळी, सगळ्यांसमोर, शांतपणे सांगायचं, की येऊन बघा.

शुक्रवारी सकाळी लवॉननं शेवटची चळत त्याच्या हातात दिली. तो बर्फातून गाडी हाकत जिल्ह्याच्या गावी गेला आणि शब्द दिला होता त्याप्रमाणे पानं पोचवली. रविवारी पुस्तक आलं. पहिल्याच पानावर आभार होते, आणि तळाशी एक ओळ: 'सर्व पानांची छपाई ड्वेन स्टेनरूड यांच्या घरी.'

ते पान कुणाच्या प्रिंटरवर छापलं होतं, हे चर्चच्या दिवाणखान्याएवढ्या तळघरात कॉफी पीत उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. ज्यानं छापलं तो कप घेऊन ड्वेनच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"अक्षर छान उठलंय," हार्लन म्हणाला.

"कागद चांगला होता," ड्वेन म्हणाला.

दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं. सांगायची वेळ हीच होती. पण ती ओळ वाचल्यावर ड्वेनच्या तोंडून बटणाचं निघेना. पुढच्या रविवारी सांगू, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

बुधवारी संध्याकाळी लवॉन सिंकपाशी उभी होती. शेजारचे पडदे पुन्हा ओढलेले होते.

"काल दिवसभर तसेच होते," ती म्हणाली. "जावंसं वाटतंय. पण काय म्हणून जायचं? पुस्तक तर झालं."

"ॲपल पाय नेऊन दे," अर्डिसबाई म्हणाल्या.

"नेला होता, आई. ताट धुऊन परत देऊन गेला. दाराबाहेरूनच. आता आपलं त्याच्याकडे काहीच उरलेलं नाही."

ड्वेन वर्तमानपत्र वाचत होता. त्याच्या पायाखाली, चिकटपट्टीच्या कृपेनं, संगणक रात्रंदिवस गुणगुणत होता. उभ्या नॉर्डबीत इतका चांगला सामाईक प्रिंटर दुसरा नव्हता, आणि ते त्याच्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. त्यानं वर्तमानपत्राची घडी केली आणि कोट अंगात चढवला.

"कुठे निघालास?" लवॉननं विचारलं.

"हार्लनकडे. आपला प्रिंटर चालत नाही."

लवॉन वळली. गेले काही दिवस तिचा नवरा घरात नसताना तिनं तळघरातून संगणकाचं गुणगुणणं ऐकलं असेल की नसेल, कोण जाणे. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं.

"नाही चालत?"

"अजिबात नाही. मला वाटतं, यंदा काही चालायचा नाही."

"मग रविवारी लोकांनी विचारलं तर?"

ड्वेननं टोपी कानांवर ओढली. "सांग, ड्वेनला जमलं नाही."

अर्डिसबाईंनी बसल्या जागेवरून हात लांब केला, आणि ऐंशी वर्षांत त्यांनी फार थोड्या लोकांच्या बाबतीत केलं असेल ते केलं. जावयाच्या कोटाची कॉलर नीट केली.

हार्लननं दार वितभर उघडलं. आत अंधार होता.

"एक काम होतं," ड्वेन म्हणाला. "आमचा प्रिंटर बंद पडलाय."

"हो का?" हार्लनच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही. "छान चालतो असं ऐकलं होतं."

"लोक काहीही सांगतात."

"काय छापायचंय?"

याचा विचार ड्वेननं केलाच नव्हता. खिशात हात घातला तर हाताला एक फ्लॉपी लागली. केविननं इंटरनेटवरचा पत्ता दिला होता, त्यावरून उतरवून घेतलेली.

"पुस्तिका आहे," तो म्हणाला. "अनेक संगणकांवर एक प्रिंटर कसा चालवायचा, त्याची."

हार्लननं फ्लॉपी हातात घेऊन पाहिली. "मोठी आहे?"

"प्रचंड."

"आज संपायची नाही मग."

"आज तर नाहीच. उद्याही यावं लागेल. चुका तपासायला सासूबाईंना आणतो."

हार्लननं आत वळून दिवा लावला.

"कॉफी टाकतो," तो म्हणाला.

"नको नको, तू कशाला त्रास घेतोस," ड्वेन म्हणाला, आणि बूट काढायला खाली वाकला.